व्यसन, आजारपण आणि नोकरीची चिंता : ख्रिस्ती विश्वासात धीर शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले असून विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. रोज दारू पीत असाल आणि आजच सोडायचा विचार असेल, तर आधी प्रश्न 4 वाचा. जगणे नकोसे झाले असेल, तर आधी प्रश्न 10 वाचा. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

1. व्यसन, दुखणे आणि नोकरीची काळजी सगळे एकदम अंगावर आले आहे. सुरुवात कुठून करू?

शरीरापासून करा. हे उत्तर पुरेसे आध्यात्मिक नाही असे वाटेल, पण ते पवित्र शास्त्रातलेच आहे. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे म्हणाला (1 राजे 19). त्या वेळी देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला हात लावून उठवले; उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होते; ते घेऊन तो पुन्हा झोपला, आणि पुढची वाट त्याला झेपणार नाही म्हणून दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला लावले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

ही तीन संकटे सहसा एकमेकांत गुंतलेली असतात. झोप येत नाही म्हणून माणूस पितो, प्यायल्यामुळे सकाळी कामावर उशिरा पोहोचतो, त्यावरून बोलणी खातो, आणि ती बोलणी आठवून रात्री पुन्हा जागा राहतो. हा गुंता सगळीकडून एकदम ओढला तर अधिकच आवळतो. म्हणून आधी डॉक्टर, मग विश्वासातले एक माणूस (प्रश्न 11), आणि मग नोकरी (प्रश्न 7), असा क्रम मी सुचवतो. कर्जाचा हिशेब, घरातली जुनी भांडणे, आयुष्याचा अर्थ हे सर्व महत्त्वाचे आहे, पण ते पहिल्या आठवड्याचे काम नव्हे.

2. व्यसन हे पाप आहे की आजार?

पहिला पेला माणूस आपल्या मर्जीने उचलतो. पाचशेवा पेला उचलताना ती मर्जी फारशी उरलेली नसते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 मध्ये मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही व्यसनाधीनतेला स्थान आहे. पण आजार म्हटल्याने व्यसनापायी बोललेले खोटे, घरातून काढलेले पैसे आणि दुखावलेली माणसे नाहीशी होत नाहीत. त्यासाठी पश्चात्ताप आणि भरपाई लागतेच. जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही आणि जे वाईट नकोसे वाटते तेच करतो, ही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातली कबुली दोन्ही बाजू धरून आहे: तिथे अपराधाची लाजही आहे आणि बंदिवानाची असहायताही. जकातदारांच्या पंगतीला बसलेल्या येशूने आक्षेप घेणाऱ्यांना सांगितले की निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते; ज्यांना लोक पापी म्हणत होते, त्यांच्यासाठी त्याने दुखण्याची भाषा वापरली. मला यापेक्षा नेमके उत्तर ठाऊक नाही.

3. मी रोज रडून प्रार्थना करतो, तरी ओढ जात नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुधा उपासनेत कोणाची तरी साक्ष ऐकल्यानंतर येतो. ‘प्रभूने मला एका रात्रीत सोडवले’ अशी साक्ष खरी असू शकते आणि तिच्याबद्दल देवाचे आभारच मानावेत. पण ती ऐकताना मागच्या बाकावर बसलेला एखादा माणूस, ज्याच्या हातातले गीतपुस्तक थरथरते म्हणून त्याने ते मिटून मांडीवर दाबून धरले आहे, तो मनात म्हणतो की देवाला मी नकोसा झालो असेन. त्या माणसासाठी हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

बेथसैदातल्या आंधळ्याला येशूने एकाच स्पर्शात बरे केले नाही (मार्क 8). पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसली, पण झाडांसारखी, चालताना. मग येशूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. त्या अर्धवट दिसण्याच्या वेळी येशूने त्याला विश्वास कमी असल्याचा बोल लावला नाही, आणि त्यानेही मला आता स्पष्ट दिसते असे खोटे सांगितले नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली (2 करिंथ 12). काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आणि आजारी मुलाच्या बापाने, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालव, असे एका दमात म्हटले (मार्क 9), तेव्हा तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला.

ओढ वाटणे म्हणजे हरणे नव्हे. ती लाटेसारखी चढते आणि पुष्कळदा काही मिनिटांत ओसरू लागते. त्या वेळात जागा बदला, पाणी प्या, कोणाला तरी फोन करा, आणि प्रार्थना लांबलचक नको. ‘प्रभू, ही दहा मिनिटे’ एवढी पुरते. शब्दच सुचत नसतील तर रोम 8:26 आठवा: आत्मा आपल्यासाठी शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी विनंती करतो.

4. प्रभूवर भरवसा ठेवून आजपासून दारू एकदम बंद केली तर चालेल का?

बरेच दिवस रोज आणि भरपूर पीत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. यात विश्वासाचा प्रश्न नाही, मेंदूच्या सवयीचा आहे. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक थांबल्यावर अतिउत्तेजित होतो. शेवटच्या पिण्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात, आणि पुढे 48 ते 96 तासांच्या सुमारास काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: तीव्र थरथर, घाम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणे, दिवसाचे भान न राहणे. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. पूर्वी असे झटके येऊन गेलेल्यांना धोका अधिक असतो. डॉक्टर काही दिवस कमी कमी होत जाणारे औषध आणि थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व देतात, आणि हा काळ बऱ्याच अंशी सुरक्षितपणे पार पडतो.

डायझेपाम किंवा अल्प्राझोलामसारख्या चिंता व झोपेसाठीच्या गोळ्यांची सवय लागली असेल तर त्याही एकदम बंद करू नयेत. तंबाखू मात्र एकदम सोडता येते. पहिले काही दिवस चिडचिड आणि अस्वस्थता फार असते, पण जिवाला तसा धोका नसतो.

मंडळीतल्या बांधवांनाही एक विनंती आहे. कोणी ‘आजपासून सोडली’ म्हणून पुढे आला, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, आणि नंतर त्याला एकट्याला घरी पाठवू नका. रोज किती प्यायचा ते विचारा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा.

5. औषधे घेणे किंवा समुपदेशकाकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नाही का?

नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला असताना त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली आणि त्याच्या आयुष्यात 15 वर्षे वाढवून देण्याचे वचन दिले. त्याच प्रसंगी यशयाने अंजिरांचा लेप आणवून गळवावर बांधायला सांगितला (2 राजे 20). वचन मिळाल्यावर लेप अनावश्यक ठरला नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्याने ‘आता गोळ्या सोडा’ असे सांगितले, तर त्याचा राग न धरता ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला आणि त्यांनी सांगेपर्यंत गोळ्या चालू ठेवा. मानसिक आजाराच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि फिटच्या औषधांबाबत हे विशेष लक्षात असू द्या.

6. माझा आजार ही माझ्या पापांची शिक्षा आहे का?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले (योहान 9). शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे त्याने स्पष्ट सांगितले (लूक 13).

तरी दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला हे उत्तर अपुरे वाटते, आणि ते बरोबर आहे. परिणाम आणि शिक्षा यांत फरक करायला हवा. विस्तवावर हात ठेवला तर भाजतो. तो हात देवाने रागाने भाजलेला नसतो. परिणाम सोसावा लागतो, त्याच्यावर उपचार करता येतात, आणि सोसत असताना देव विरुद्ध बाजूला उभा आहे असे मानण्याचे कारण नाही. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, या रोम 8:1 च्या वचनाला प्रकृती चांगली असण्याची अट जोडलेली नाही.

7. नोकरी जाण्याच्या बेतात आहे. ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकायला ठीक आहे, पण जमवायचे कसे?

रानातल्या मान्न्याची, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाची गोष्ट (निर्गम 16) या प्रश्नासाठीच लिहिली असावी, असे मला अनेकदा वाटते. लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरते गोळा करायचे होते. ज्यांनी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि तेव्हाचे नासले नाही. म्हणजे पुढची तजवीज करणे हा अविश्वास नव्हे. अर्ज भरणे, खर्चाला कात्री लावणे, घरात खरी परिस्थिती सांगणे हे सहाव्या दिवसाचे गोळा करणे आहे. रात्री तीन वाजता फोनच्या उजेडात शिल्लक रक्कम चौथ्यांदा पाहणे हे किडे पडणारे. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढेच म्हणा. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणी आजच्या भाकरीची आहे.

व्यसनातून उठणाऱ्यांनी दिवसाची चौकट मोडू देऊ नये. काम नसले तरी ठरल्या वेळी उठा, आंघोळ करा, कपडे बदला, आणि रोज एक तरी अर्ज किंवा एक तरी भेट करा. रिकामी दुपार ही फार धोक्याची वेळ असते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) दिवस मावळायला तास उरला असताना काही माणसे चौकात उभी होती. का उभे आहात, असे विचारल्यावर ती म्हणाली की आम्हांला कोणी कामावर घेतले नाही. मालकाने त्यांना आळशी म्हटले नाही. त्यांना मळ्यात पाठवले आणि पूर्ण दिवसाची मजुरी दिली. कोणी कामावर घेतले नाही म्हणून तुमचे मोल कमी झालेले नाही.

8. घरचे मला ‘जो काम करत नाही त्याने खाऊही नये’ हे वचन ऐकवतात. ते माझ्यासाठी आहे का?

2 थेस्सल 3:10 मध्ये ज्याची काम करण्याची इच्छाच नाही त्याच्याविषयी लिहिले आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा जो आजारी आहे, त्याच्याविषयी ते नाही. मात्र घरातली जी कामे जमतील ती मागे न लागता करत राहा. त्याने बोलणीही कमी होतात आणि दिवसाला आकारही येतो.

9. आठ महिने सोडली होती, परवा पुन्हा घेतली. आता सगळे शून्यावर आले का?

नाही. ते आठ महिने झालेले आहेत. त्यांत शिकलेले, जोडलेले, सुधारलेले काही पुसले जात नाही. पण परवाची गोष्ट आज कोणाला तरी सांगा. पुन्हा घेतलेला एक दिवस जेवढे नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान पुढची लपवाछपवी करते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो आणि मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी एकच शब्द आहे. पहिल्या विस्तवाशी शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले (अध्याय 18). दुसरा विस्तव पुनरुत्थित येशूने समुद्रकिनारी पेटवला होता. त्यावर मासळी होती आणि भाकर होती (अध्याय 21). आधी ‘या, न्याहारी करा’ असे त्याने म्हटले, आणि न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारले, तू माझ्यावर प्रेम करतोस काय? नाकारणे तीनदा झाले होते, त्यामुळे विचारणेही तीनदा झाले, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर काम सोपवले गेले. घसरलेल्या माणसाशी प्रभू कसा बोलतो, हे मला याहून जवळून कुठे दिसलेले नाही.

एक वैद्यकीय इशारा: हेरॉइन किंवा तशा अमली पदार्थांचा खंड पडल्यानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचेच प्रमाण घेतल्यास श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. रोजची दारू पुन्हा सुरू झाली असेल तर प्रश्न 4 पुन्हा लागू होतो.

10. जगूच नये असे वाटते. असे वाटणे पाप आहे का?

असे वाटणे ही वेदना आहे, आणि ती एलीयाने, ईयोबाने व योनाने देवासमोर बोलून दाखवली आहे. देवाने त्या तिघांपैकी कोणालाही त्यासाठी टाकले नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तरीही ते स्तोत्र म्हणून पवित्र शास्त्रात आहे.

पण हे आज, आत्ता कोणाला तरी सांगा. जवळच्या माणसाला ‘मला मरावेसे वाटते, मला एकट्याला सोडू नकोस’ अशा साध्या शब्दांत सांगा. साठवलेल्या गोळ्या, विष, हत्यार जे काही असेल ते त्याच्या हवाली करा. मनात बेत ठरला असेल, तर सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तातडीच्या सेवेला फोन करा. प्यायलेल्या अवस्थेत हा विचार अधिक घातक होतो, म्हणून त्या रात्री दारूपासून दूर राहण्यासाठीही सोबत हवी.

11. मंडळीत कोणाला सांगू? गोष्ट बाहेर फुटली तर?

ही भीती खोटी नाही. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट आठवड्यात सर्वत्र पसरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करा असे आहे. सर्वांसमोर करा असे नाही. ज्याने दुसऱ्या कोणाचे गुपित तुम्हाला कधी सांगितलेले नाही, असे एक माणूस निवडा, आणि बोलण्याआधी हे तुमच्यापाशीच राहू द्या असे स्पष्ट म्हणा. कॅथलिक पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूला कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही. इतर मंडळ्यांच्या पाळकांना अशी बंधने कितपत असतात हे ठिकठिकाणी वेगळे असते, म्हणून त्यांनाच आधी विचारावे.

मंडळीबाहेरही आधार आहे. 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये आडनाव सांगावे लागत नाही. त्या सुरुवातीच्या सदस्यांवर डोंगरावरील प्रवचनाचा आणि याकोबाच्या पत्राचा मोठा प्रभाव होता, त्यामुळे ख्रिस्ती माणसाला तिथली पुष्कळ भाषा परकी वाटत नाही.

12. प्रभुभोजनातला द्राक्षारस घेऊ का?

त्यात मद्यार्क असेल तर घेऊ नका. डायसल्फिराम ही दारू सोडण्यासाठी दिली जाणारी गोळी चालू असेल तर ही बाब अधिकच गंभीर आहे: थोड्या मद्यार्कानेही उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही सुमारे 14 दिवस हा धोका राहतो. खोकल्याची काही औषधे आणि माउथवॉश यांनाही हेच लागू आहे.

यामुळे प्रभूच्या मेजापासून दूर राहण्याची गरज नाही. कॅथलिक शिकवणीनुसार केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त संपूर्ण मिळतो. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला रस वापरतात. 1869 मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस उकळीच्या उष्णतेने टिकवण्याची रीत काढली, ती प्रभुभोजनासाठीच. तुमच्या पाळकांना आदल्या दिवशी सांगितले तर वेगळा पेला ठेवणे अवघड नसते.

13. उपवास केल्याने व्यसन लवकर सुटेल का?

दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत उपवास करू नये. भुकेने ओढ वाढते, आणि मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. आजाऱ्यांना उपवासातून मोकळीक देण्याची रीत चर्चमध्ये जुनीच आहे. उपवासाची ओढ असेल तर फोनचा करा.

14. मुलाखतीत मधल्या खंडाचे कारण विचारले तर? खोटे बोलायचे नाही, पण खरे सांगितले तर नोकरी मिळणार नाही.

खरे बोलणे आणि सर्व काही बोलणे एक नव्हे. ‘प्रकृतीच्या कारणाने काही महिने उपचार घेतले आणि आता डॉक्टरांच्या मते मी काम करू शकतो’ हे वाक्य खरे असेल तर पुरेसे आहे. डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नसेल, तर ते म्हणू नका. जिथे तुमच्या गुंगीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, म्हणजे वाहन, अवजड यंत्र, रुग्णसेवा, तिथे चालू औषधांची आणि उपचारांची माहिती विचारल्यास ती लपवू नये.

15. मिळणारी एकमेव नोकरी दारू विकणाऱ्या ठिकाणी आहे. घेऊ का?

दारूचेच व्यसन असेल, तर पहिल्या वर्षात घेऊ नका असे मी स्पष्ट सांगेन. पगार कितीही हवासा असला तरी. आधीपासून तिथे असाल आणि घर त्या पगारावर चालत असेल, तर हिशेब, साठा, पहारा असे दुसरे काम मागा आणि शोध चालू ठेवा. अरामी सेनापती नामानाने अलीशा संदेष्ट्याला विचारले होते की धन्यासोबत रिम्मोन दैवताच्या देवळात मला वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल का? ‘शांतीने जा’ असे उत्तर मिळाले (2 राजे 5). म्हणून नाइलाजाने तिथे टिकून राहिलेल्या माणसाला कोणी दोष देऊ नये.

16. उत्पन्न नाही, तरी दशमांश द्यावा का?

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग; जे नाही त्याचा दशमांश नसतो. दान जवळ असेल त्या मानाने मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे, असे 2 करिंथ 8:12 सांगते. औषधे, घरखर्च आणि कर्जाचा हप्ता थकवून दान देऊ नका.

17. पिणारा मी नाही, माझा नवरा आहे. त्याला पैसे देऊ का? ऑफिसात तो आजारी आहे असे सांगू का?

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे आहे, आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही आहे. ग्रीकमध्ये हे दोन शब्द वेगळे आहेत: पहिला, बारोस, म्हणजे चिरडून टाकणारे वजन, दुसरा, फोर्तियोन, म्हणजे ज्याचे त्याने उचलायचे गाठोडे. त्याला दवाखान्यात नेणे, औषधे आणून देणे, मुलांची फी थेट शाळेत भरणे हे पहिल्यात येते. रोख पैसे देणे, त्याच्यासाठी ऑफिसात खोटे बोलणे, त्याची उधारी गुपचूप फेडणे हे दुसऱ्यात येते, आणि ते गाठोडे तुम्ही उचलत राहिलात तर ते किती जड झाले आहे हे त्याला कळणारच नाही. त्याला हे तो शुद्धीत असताना, सकाळी, न ओरडता एकदाच सांगा. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल्-अॅनॉनचे गट आहेत. तिथे तुम्हीही एकट्या राहणार नाही.

मारहाण होत असेल तर वरचे सर्व बाजूला ठेवा. क्षमा करण्यासाठी त्याच छताखाली राहावे लागत नाही. तुमची आणि मुलांची कागदपत्रे, औषधे, थोडे पैसे आणि एक जोड कपडे एका पिशवीत भरून विश्वासातल्या घरी ठेवा, आणि कोणत्याही रात्री दार वाजवता येईल असे ते घर कोणते, हे मुलांनाही सांगून ठेवा.